इंटेलशी बरोबरी साधणाऱ्या एएमडीपुढे नवे आव्हान

संगणकाचा मेंदू मानल्या जाणाऱ्या प्रोसेसरच्या बाजारपेठेत इंटेल आणि एएमडी या अमेरिकी कंपन्यांची स्पर्धा अनेक दशके सुरू आहे. इंटेलची स्थापना १९६८ मध्ये, तर एएमडीची १९६९ मध्ये झाली. वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात मात्र धाकट्या कंपनीचा प्रवेश थोरलीच्याच परवान्यावर झाला. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचे नव्हते. त्यामुळे १९८२ च्या करारानुसार इंटेलला आपला आराखडा एएमडीला द्यावा लागला. पुढे इंटेलने ३८६ या चिपचा आराखडा नाकारला आणि वाद न्यायालयात गेला.

चांगली चिप बनविणे आणि ती खपविणे या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा प्रत्यय एएमडीला २००३ नंतर आला. जुन्या सॉफ्टवेअरला धक्का न लावता ६४ बिट क्षमता देणारे ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ हे प्रोसेसर तिने त्या वर्षी आणले. इटॅनियमवर भिस्त ठेवणाऱ्या इंटेललाही २००४ मध्ये तोच मार्ग पत्करावा लागला. इंटेलच्या संगणकांतील ६४ बिट रचना मुळात प्रतिस्पर्ध्याने आखलेली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तरीही बाजारपेठेवरील इंटेलचे वर्चस्व कायम राहिले. सवलतींच्या बळावर संगणक उत्पादकांना बांधून ठेवले जाते, असा आरोप करीत एएमडीने २००५ मध्ये दावा दाखल केला. इंटेलने आरोप फेटाळले. मात्र २००९ मध्ये १.२५ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली.

त्याच वर्षी एएमडीने आपले कारखाने वेगळ्या कंपनीकडे सोपविले. तेव्हा दुबळेपणाचे लक्षण वाटलेला हा निर्णय पुढे पथ्यावर पडला. लिसा सू यांनी २०१४ मध्ये सूत्रे हाती घेतल्यानंतर २०१७ मध्ये रायझेन आणि एपिक हे प्रोसेसर आले. एक मोठी चिप घडविण्याऐवजी लहान तुकडे जोडण्याची पद्धत कंपनीने अवलंबिली. तुकडा सदोष निघाल्यास तेवढाच टाकून द्यावा लागतो आणि खर्च वाचतो. इंटेलचे १० नॅनोमीटर तंत्रज्ञान रखडलेले असताना एएमडी २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसीकडून ७ नॅनोमीटरच्या चिप घडवून घेत होती. पुण्यातील सी-डॅकच्या ऐरावत या महासंगणकातही एपिक प्रोसेसर आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये एएमडीचे बाजारमूल्य प्रथमच इंटेलहून अधिक झाले.

मात्र उत्पादनासाठी परक्या कारखान्यावर अवलंबून राहणे ही जोखीमही आहे. इंटेलकडे स्वतःचे कारखाने आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यात सुमारे १० टक्के हिस्सा घेण्याचे ठरविले. दुसरीकडे ॲपल आणि ॲमेझॉन यांनी आर्म रचनेवरील स्वतःच्या चिप वापरात आणल्याने या दोन्ही कंपन्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सल्लागार गटासाठी एकत्र यावे लागले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपमध्ये एएमडीची गाठ एनव्हिडियाशी आहे आणि येथे धाकटेपण पुन्हा तिच्याच वाट्याला आले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयशी झालेल्या पुरवठा करारात तिने ग्राहकाला आपले १६ कोटींपर्यंत समभाग देऊ केले. चिप खपविण्यासाठी मोजलेली ही किंमत लहान नाही. एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर हात बसलेल्या प्रोग्रामरना आपल्या सॉफ्टवेअरकडे वळविण्याचे काम अद्याप बाकी आहे.