संगणकाला ताप येतो तेव्हा

दिवाळी जवळ आली की आपल्या घरोघर साफसफाईची धांदल उडते. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते, छताच्या पंख्याची पाती स्टुलावर चढून पुसली जातात. परंतु टेबलाखालच्या त्या काळ्या पेटीकडे, म्हणजे घरच्या संगणकाकडे, कोणी ढुंकूनही पाहत नाही. फार तर वरून एक फडके फिरते. ‘विजेचे काम आहे, हात लावू नका,’ असा वडील मंडळींचा हुकूम असतो. आणि ज्यांच्यासाठी ती पेटी घरात आली, त्या चिरंजीवांना खेळातून डोके वर काढायला सवड नसते.

मग एके दिवशी व्हायचे ते होते. खेळ ऐन रंगात येतो, पेटीतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरू लागतात, पडद्यावरचे चित्र अडखळते आणि एकाएकी सगळीकडे अंधार! यावर घरात तीन निकाल लागतात. वडील म्हणतात, ‘चार-चार तास खेळल्यावर दुसरे काय होणार? खेळ बंद.’ आई म्हणते, ‘दुकानदाराने फसवले.’ आणि चिरंजीव म्हणतात, ‘नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायला हवे.’ पहिल्या निकालाने मुलगा रुसतो, दुसऱ्याने दुकानदाराशी भांडण होते आणि तिसऱ्याने बोनसला कात्री लागते. गंमत अशी की, पुष्कळदा हे तिन्ही निकाल चुकीचे असतात. खरा गुन्हेगार त्या पेटीत किंवा पेटीच्या आसपासच दडलेला असतो, आणि त्याला पकडायला पैसे फारसे पडत नाहीत.

ताप येतो कोठून?

तारेतून वीज वाहिली की तार तापते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास मांडला. आपली इस्त्री आणि गीझर याच नियमावर चालतात. संगणकाची गोष्ट निराळी नाही. मिक्सर निदान चटणी तरी वाटतो. संगणक कोणतीही वस्तू हलवत नाही की उचलत नाही. त्यामुळे त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते.

मग पत्र टंकताना तो थंड का राहतो? कारण तेव्हा त्याला काम फारच थोडे असते. दोन अक्षरांच्या मधल्या वेळात तो बापडा झोपाच काढत असतो. खेळाचे तसे नाही. नेहमीच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. खेळात हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा, आणि तोही प्रकाश, सावली, धूर यांचा हिशेब करून! हे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्ड करते, आणि त्याच वेळी सीपीयू खेळातल्या इतर घडामोडी सांभाळतो. दोघेही एकाच वेळी घाम गाळू लागतात.

आकडे पाहिले म्हणजे कल्पना येईल. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या मध्यम प्रतीच्या कार्डाला ११५ वॅट वीज लागते. आरटीएक्स ४०९० या बड्या कार्डाची भूक ४५० वॅटपर्यंत जाते. इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा सीपीयू जोरात असताना २५३ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. साधारण खेळाचा संगणक ३०० वॅट घेतो असे धरले, तर शंभर वॅटचे तीन जुने बल्ब एका बंद पेटीत जळत ठेवल्यासारखे होते. पेटीला वारा मिळाला नाही तर दुसरे काय होणार?

जुनेच दुखणे

हे दुखणे आजकालचे नव्हे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खाई. त्याला थंड ठेवण्यासाठी हवा खेळवण्याची स्वतंत्र सोय करावी लागली होती. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णपणे सुरू झालेल्या संगणकातही २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नाव ठेवले.

पुढे नळ्या गेल्या आणि सिलिकॉनच्या चकत्या आल्या. पण उष्णतेने पाठ सोडली नाही. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या नियतकालिकाने एक प्रयोग केला. संगणकावर खेळ चालू असतानाच सीपीयूवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, काढून टाकला. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून निकामी झाला. इंटेलचा पेंटियम-४ मात्र आपला वेग कमी करून रखडत का होईना, चालत राहिला. पुढे ही आत्मरक्षणाची सोय सर्वांनीच स्वीकारली. खुद्द इंटेललाही उष्णतेपुढे नमते घ्यावे लागले: ४ गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम-४ काढण्याचा बेत कंपनीने २००४ साली सोडून दिला, आणि केवळ वेग वाढवण्याऐवजी एकाच चकतीत अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजचा संगणक सहसा जळत नाही. तो आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःच बंद होतो. खेळ अडखळतो तो पुष्कळदा यामुळेच. आपण समजतो यंत्र जुने झाले. यंत्र बिचारे जीव वाचवीत असते.

थर्मामीटर लावा

घरात कोणाला कणकण वाटली तर आपण आधी थर्मामीटर लावतो, मग औषधाकडे वळतो. येथेही तेच करावे. एचडब्ल्यूइन्फो नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. तो प्रत्येक भागाचे तापमान दाखवतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. अर्धा तास खेळून आकडे टिपून ठेवावेत, आणि त्या वेळी खोलीचे तापमान किती होते तेही लिहावे.

आता ताप कशाला म्हणायचे? खेळताना ६० ते ८० अंश सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट आहे; तेवढ्याने घाबरू नये. ग्राफिक्स कार्ड सतत ८५ च्या वर राहू लागले, तर मात्र कारण शोधावे. इंटेलच्या बहुतेक सीपीयूंची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या कित्येकांची ९५ असते. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. पंख्याने थंड होणारे यंत्र खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली जितके अंश तापेल, साधारण तितकेच अंश आतला भागही तापतो. २४ अंशांच्या खोलीत जे यंत्र ७० वर राहते, तेच नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंशांच्या खोलीत नव्वदीला जाऊन पोचेल. त्यात यंत्राचा दोष काहीच नाही.

आधी बिनपैशांचे उपाय

पहिला उपाय जागेचा. आपल्या घरांत जागा थोडी; म्हणून सुतार टेबलालाच संगणकाचे कपाट करून देतो आणि आपण त्याचे दारही लावून घेतो. धूळ बसू नये म्हणून वर कापडी खोळ असते, मागे भिंत आणि बाजूला रद्दीचा गठ्ठा! पेटीने सोडलेली गरम हवा त्याच कपाटात फिरते आणि पेटी तीच पुन्हा आत ओढते. पेटी कपाटाबाहेर काढावी, जमिनीवरून थोडी उंच ठेवावी, आणि मागे व पुढे निदान वीतभर जागा मोकळी सोडावी. एवढ्यानेच पुष्कळ घरांतले दुखणे बरे होते.

दुसरा उपाय सफाईचा. संगणक बंद करून प्लग काढावा, पेटी गॅलरीत न्यावी, बाजूचे झाकण उघडावे आणि धातूला एकदा हात लावून अंगातली स्थिरविद्युत जाऊ द्यावी. मग मऊ ब्रशने आणि ब्लोअरने हीटसिंकच्या पट्ट्यांमधली धूळ उडवावी. वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते भलत्या वेगाने फिरून खराब होण्याचा संभव असतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, कारण त्याने स्थिरविद्युत निर्माण होते. ओले फडके तर मुळीच नको. आणि एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याची, डबी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाबाची वीज साठून राहते. या बाबतीत वडील मंडळींचा हुकूम अगदी रास्त आहे.

तिसरा उपाय वाऱ्याच्या वाटेचा. स्वयंपाकघरात खिडकीतून हवा आत येते आणि एक्झॉस्ट पंख्यातून बाहेर जाते. पेटीचेही तसेच: पुढून थंड हवा आत, मागून व वरून गरम हवा बाहेर. एखादा पंखा उलटा बसला असेल तर दोन पंख्यांची आपसांत ओढाताण होते. पुढचा भाग अखंड काचेचा असला तर पेटी दिसते देखणी, पण तिचे नाक दाबलेले असते. याची परीक्षा सोपी आहे. बाजूचे झाकण काढून अर्धा तास खेळून पाहावे. तापमान एकदम आठ-दहा अंशांनी उतरले, तर पेटीला वारा पुरत नाही असे समजावे आणि एखादा १२० मिलिमीटरचा पंखा वाढवावा. झाकण कायमचे काढून समोर टेबलफॅन लावणे हा मात्र तात्पुरता इलाज झाला. धूळ, पाल आणि लहान मुलांची बोटे यांना ते आमंत्रणच आहे.

खेळाचीही थोडी शिस्त

चौथा उपाय चिरंजीवांच्या हातात असतो. ज्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रेच दिसू शकतात, त्यासाठी दीडशे चित्रे काढत बसण्यात फारसा अर्थ नाही. पण मर्यादा घातली नाही तर यंत्र जमतील तितकी काढतच राहते. २०१० साली ‘स्टारक्राफ्ट-२’ या खेळात हेच झाले. खेळापेक्षा त्याच्या साध्या यादीच्या पडद्यावर यंत्रे तापू लागली, कारण सोपे चित्र असल्यामुळे कार्ड ते भरमसाट वेगाने काढत सुटे. खेळाच्या कंपनीने तेव्हा चित्रांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा उपाय सांगितला. आजच्या बहुतेक खेळांत ही मर्यादा, किंवा व्ही-सिंक, सेटिंगमध्येच मिळते. ती ६० वर ठेवावी आणि सावल्यांची प्रत एक पायरी खाली आणावी. खेळाची गोडी कमी होत नाही. ताप मात्र उतरतो.

वैद्याला केव्हा बोलवावे?

इतके करूनही सीपीयू खेळ सुरू होताच नव्वदी गाठत असेल, तर सीपीयू आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असावी किंवा हीटसिंक सैल झाला असावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावली की पुरते. जास्त थापून लाभ नाही. नव्या यंत्रात ही तक्रार असेल, तर हीटसिंकच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेला नाही ना, हेही पाहावे, असे घडते! हात धीट नसेल तर हे काम कारागिराकडून, पण आपल्या देखत करून घ्यावे.

आणि तापमान ठीक असूनही संगणक एकदम बंद पडत असेल, तर दोष उष्णतेचा नव्हे. एसएमपीएस कमी शक्तीचा असेल किंवा घरातला विजेचा दाब खाली-वर होत असेल. अशा वेळी पंखे वाढवून उपयोग नाही.

राहता राहिला तो चार तासांच्या खेळाचा प्रश्न. ३०० वॅटचा संगणक चार तास चालला तर सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते, आणि ती सगळी उष्णता त्याच खोलीत राहते. ज्या खोलीत आजी दुपारी पडतात तेथे उन्हाळ्यात तिची झळ जाणवणारच. तेव्हा भर दुपारचा खेळ संध्याकाळी न्यावा, खिडकी उघडी असावी, हे सांगण्याचा अधिकार वडिलांना जरूर आहे. मात्र निकाल देण्यापूर्वी त्यांनी मुलाच्या शेजारी बसून तो तापमानाचा आकडा एकदा स्वतः पाहावा, आणि मुलाने नवे कार्ड मागण्यापूर्वी जुन्याची धूळ झाडून दाखवावी. दोघांनी मिळून एक रविवार त्या पेटीला दिला, तर बोनस शाबूत राहतो, आणि घरातली धुसफुसही थांबते.