कृत्रिम दंतरोपण : उपयोग आणि मर्यादा

सातपुड्याच्या परिसरातील नंदुरबार जिल्ह्यात ज्वारी-मक्याची भाकरी हा नित्याचा आहार. दाढा गेल्या की ती चावेनाशी होते आणि पोषणाची आबाळ सुरू होते. शिवाय रिकाम्या जागेतील जबड्याचे हाड हळूहळू झिजते व शेजारचे दात तिकडे कलतात.

दंतरोपण हा यावरील एक उपाय होय. टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी घट्ट जुळतो, असे स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे कृत्रिम मूळ बसविले. प्रथम हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवितात. तो हाडाशी जुळण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतर त्यावर दाताच्या आकाराची टोपी बसविली जाते. त्यासाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागत नाहीत.

मात्र हा उपाय खर्चिक आहे. तंबाखूचे व्यसन, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा हिरड्यांचा विकार असल्यास रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी कवळीही उपयुक्त ठरते. कोणता उपाय योग्य, हे दंतवैद्याने तपासूनच ठरवावे.

कृत्रिम दात कितीही उत्तम असला, तरी त्याला निरोगी हिरडीचाच आधार लागतो. म्हणून शाळेत दात घासण्याची सवय लावणारा शिक्षक आणि गाव तंबाखूमुक्त करू पाहणारा पंचायत सदस्य, हे दोघेही दंतवैद्याइतकेच मोलाचे कार्य करीत असतात.