आजोबांच्या खुणा आणि बोगमाळोची विमाने



शाळा सुटल्यावर फाटकाशी उभे राहणारे माझे आजोबा तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. ते कधी हाक मारत नाहीत. दोन्ही हात वर उचलून मागे-मागे ओढतात, म्हणजे 'ये'. डोक्यावर हातांची फुली करतात, म्हणजे 'थांब'. आणि खेळ पुरे झाला की दोन्ही हात आडवे पसरून स्वतःलाच मिठी मारतात. या तिसऱ्या खुणेला आपण पोट धरून हसतो. खोटे कशाला बोलू, मधल्या सुट्टीत मीसुद्धा त्यांची नक्कल केली आहे. पण यंदा आपली सहल गोव्याला गेली आणि त्या खुणांचा अर्थ मला कळला. तो तुम्हालाही कळावा म्हणून हा लेख.

आपली एस.टी. पहाटे निघाली. बांदा, म्हापसा, पणजी करत, मांडवी आणि झुआरी या नद्यांचे पूल ओलांडून आपण दाबोळीला आलो. तेथून जवळच बोगमाळो येथे भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. नौदलाने वापरलेली आणि आता निवृत्त झालेली विमाने तेथे उघड्यावर मांडली आहेत.

निघताना आजोबांनी मला एकच काम सांगितले होते, "चेडवा, सी हॉकाच्या शेपटाखाली आकडो आसा, तो बघून ये." आजोबा तरुणपणी नौदलात होते. विक्रांत या जहाजावर विमाने जागेवर लावण्याचे काम ते करीत.

आत शिरताच सगळी मुले सर्वांत मोठ्या विमानाकडे धावली. त्याचे नाव सुपर कॉन्स्टेलेशन. त्याला चार इंजिने आहेत आणि शेपटीवर एक नाही, तीन उभे पंखे आहेत. ही विमाने आधी एअर इंडियाचे प्रवासी नेत असत. मग ती हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आली. समुद्रावर लांबवर पहारा करण्यासाठी त्यांचा उपयोग होई.

मी मात्र सी हॉक शोधले. हे इंग्लंडमध्ये बनलेले, एका माणसाने चालवायचे लढाऊ जेट विमान. त्याच्या शेपटीच्या टोकाला धूर सोडायचे भोकच नाही! इंजिन एकच, पण गरम वाऱ्याची नळी आत दुभंगते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडते. पंखांवर जोडाची रेघ दिसते. आणि शेपटीखाली आजोबांनी सांगितलेला तो लोखंडी आकडा!

आकडा कशाला, ते माहिती सांगणाऱ्या काकांनी समजावले. दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. विक्रांत जहाज मात्र सगळे मिळून सुमारे २१३ मीटर. म्हणजे आपल्या कबड्डीच्या मैदानासारखी सोळा-सतरा मैदाने एकापुढे एक ठेवली की झाले जहाज! एवढ्याशा जागेत विमान थांबणार कसे? म्हणून जहाजाच्या पाठीवर आडवे पोलादी दोर ताणलेले असत. उतरताना विमानाचा आकडा त्यातल्या एका दोरात अडके. दोर एकदम थांबला तर विमान मोडेल. म्हणून दोराची टोके खालच्या यंत्राला जोडलेली असत आणि ते यंत्र दोर आवळत-आवळत सोडी. बैल उधळला की गडी दावे एकदम ओढत नाही, खांबाला वेढा देऊन हळूहळू सोडतो, तसेच. आकडा चुकलाच, तर विमान तसेच पुढे जाऊन पुन्हा आकाशात चढे. त्यासाठी उतरायची पट्टी जहाजावर जरा तिरपी आखलेली होती.

चढतानाही तीच अडचण. त्यासाठी वाफेची गलोल होती. जहाजाच्या बॉयलरमधली दाबलेली वाफ लांब नळीत सोडली की आतला दट्ट्या जोरात पुढे जाई आणि विमानाला ओढून फेकी. शिवाय जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळून वेगाने जाई. समोरून वारा जितका जास्त, तितके विमान लवकर उचलले जाते. पतंग उडवताना आपण वाऱ्याच्या उलट धावतो ना, ते याचसाठी.

१९७१ साली युद्ध लागले तेव्हा विक्रांत बंगालच्या उपसागरात होते. बॉयलरला तडे गेल्याने त्याला पूर्ण वेगाने जाता येत नव्हते. तरी ४ डिसेंबरला त्यावरून सी हॉक विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. ही ठिकाणे आता बांगलादेशात आहेत. १६ डिसेंबरला ढाक्याला पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. तेव्हा आजोबा वीस वर्षांचे होते.

तेथेच अलिझे नावाचे फ्रेंच विमानही आहे. ते पाणबुड्या शोधत असे. सी हॅरिअर तर नवलाचे. त्याच्या इंजिनाची चार तोंडे खाली वळवता येतात, म्हणून ते सरळ खाली उतरू शके. ते २०१६ साली निवृत्त झाले.

घरी आल्यावर मी आजोबांना म्हटले, "आकडा पाहिला." ते खूश झाले. मग मी विचारले, "तुम्ही हाक का मारत नाही?"

आजोबा म्हणाले, "थंय तोंडान बोलून काय उपेग? इंजिनाच्या आवाजात बाजूचो माणूस ओरडलो तरी आयकाक येय नाय. म्हणान हातान बोलूचा."

एकीकडे सुटणारे विमान, दुसरीकडे फिरणारा पंखा, पुढे समुद्र. खूण चुकली तर माणूस जाई. म्हणून प्रत्येक खूण मोठी, स्वच्छ आणि एकच अर्थाची. हात मागे ओढले की विमान पुढे येते. फुली केली की थांबते.

"आणि मिठीची?" मी हळूच विचारले.

"ह्या म्हणजे 'पंख मिट'." जहाजावर जागा थोडी, म्हणून उतरलेल्या विमानाचे पंख जोडाशी वर दुमडून ते बाजूला लावत. सी हॉकच्या पंखावरची रेघ मला आठवली. काम आटोपले, पंख मिटा, आता विश्रांती घ्या, असे आजोबा आपल्याला रोज सांगत होते आणि आपण हसत होतो.

मी नक्कल केल्याचे त्यांना सांगून टाकले. ते रागावले नाहीत. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नक्कल करूची तर नीट कर," आणि हात किती ताठ पसरायचे ते त्यांनी मला दाखवले.

विक्रांत १९९७ साली निवृत्त झाले आणि २०१४ पासून ते मोडीत निघाले. त्याच नावाचे नवे, भारतात बांधलेले विक्रांत २०२२ साली नौदलात आले. जुन्यावरची विमाने बोगमाळोला पाहता येतात. त्यांना जागेवर लावणारे आजोबा रोज पाच वाजता आपल्या फाटकाशी असतात. उद्या त्यांनी खूण केली की आपणही दप्तरे खाली ठेवून, हात ताठ पसरून, तीच खूण त्यांना करू या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी