परक्या देशात, हातातल्या फोनसह

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला आरंभीच्या दिवसांतच घर, बँकेतील खाते आणि फोन या तीन गोष्टी मिळवाव्या लागतात. जपानमध्ये त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. फोनच्या करारासाठी पत्ता आणि खाते लागते, खाते उघडताना पत्ता आणि फोन क्रमांक विचारला जातो आणि घरमालक हमीदार मागतो. शिवाय अर्जावर आपले नाव काताकाना या लिपीत लिहायचे असते. या लिपीत ‘ल’ नाही, ‘ळ’ नाही, आणि जोडाक्षरेही मोकळी करावी लागतात. त्यामुळे कुलकर्णी या आडनावाचे ‘कुरुकारुनि’ होते. पुढे बिलापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत हे नवे नाव माणसाला चिकटते.

२००० सालाच्या सुमारास भारतातून बरेच संगणक अभियंते जपानला गेले. त्यांपैकी अनेकांनी टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई भागात घरे घेतली. कार्यालयांकडे थेट जाणारी तोझाई रेल्वे जवळून जात होती आणि तेथील सार्वजनिक गृहसंस्थेच्या सदनिकांना हमीदार लागत नसे. या वस्तीत पुढे भारतीय किराणा दुकाने आणि शाळा आल्या. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २००१ मध्ये जपानला गेले. पुढे त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले.

या अभियंत्यांना जपानमध्ये उतरताच एक चमत्कारिक अनुभव येई. भारतात किंवा युरोपात उत्तम चालणारा फोन तेथे निरुपयोगी ठरे. भारत आणि युरोपातील बहुतेक जाळी जीएसएम या पद्धतीची होती, तर जपानने १९९३ पासून पीडीसी ही स्वतःची पद्धत चालवली होती. वास्तविक या क्षेत्रात जपान कोणाच्या मागे नव्हता. मोटारीत बसवण्याच्या फोनचे जाळे टोकियोत १९७९ मध्येच सुरू झाले होते. भारतात भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी, हे लक्षात घेतले की अंतर कळते.

नवा फोन हाती आला म्हणजे मात्र नवागत थक्क होई. डोकोमो या कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘आय-मोड’ ही सेवा सुरू केली. तीमुळे साध्या फोनवर ई-मेल, हवामान, रेल्वेचे वेळापत्रक आणि बँकेचे व्यवहार उपलब्ध झाले. आकारणी वेळेवर नव्हती. माहितीचे लहान लहान तुकडे, म्हणजे ‘पॅकेट’, जितके जातील-येतील तितकेच पैसे पडत. बाहेरच्या लहान व्यावसायिकांनी पुरवलेल्या सेवांचे शुल्कही फोनच्या बिलातूनच वसूल होई आणि त्यातील केवळ ९ टक्के कंपनी स्वतःकडे ठेवी. या उदार वाटणीमुळे हजारो सेवा उभ्या राहिल्या. त्याच वर्षी शिगेताका कुरिता यांनी या सेवेसाठी १७६ चित्रचिन्हे तयार केली. प्रत्येक चिन्ह १२ आडव्या आणि १२ उभ्या ठिपक्यांत बसवलेले होते. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘इमोजी’ या शब्दाचा अर्थ जपानीत ‘चित्राक्षर’ एवढाच आहे.

लिखित निरोपांची ही आवड जपानी शिष्टाचाराशीही जुळणारी होती. रेल्वेच्या डब्यात फोनवर बोलणे तेथे असभ्य मानतात. फोनचा आवाज बंद ठेवण्याच्या सोयीला ‘मॅनर मोड’ म्हणजे ‘शिष्टाचाराची स्थिती’ असेच नाव आहे. आपल्याकडील गाडीत शेजाऱ्याच्या घरातील सर्व घडामोडी विनासायास कळतात. त्या सवयीच्या माणसाला ती शांतता आरंभी जड जाते.

ऑक्टोबर २००१ मध्ये तिसऱ्या पिढीची सेवा, २००४ मध्ये फोनमधूनच दुकानात पैसे देण्याची सोय, अशी प्रगती होत राहिली. पण हे फोन जपानच्या जाळ्यांना आणि जपानी ग्राहकांच्या आवडीला इतके तंतोतंत बेतलेले होते की बाहेर त्यांना फारशी मागणी नव्हती. जपानी लोकांनीच त्यांना ‘गाराकेई’ म्हणजे ‘गालापागोस फोन’ असे नाव दिले. गालापागोस बेटांवरील प्राणी जगापासून वेगळे पडून आपल्याच परीने विकसित झाले, तसेच हे. जुलै २००८ मध्ये आयफोन जपानमध्ये आला आणि चित्र पालटले. २०१३ मध्ये एनईसी आणि पॅनासॉनिक या दोन्ही कंपन्यांनी सामान्य ग्राहकांसाठी स्मार्टफोन बनवण्यातून अंग काढून घेतले. घरच्या बाजारात मिळालेले यशच येथे अडसर ठरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परदेशस्थाच्या दृष्टीने या तंत्रज्ञानाची खरी कसोटी ११ मार्च २०११ रोजी लागली. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानला ९.० तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. भारतात तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. घरचे लोक फोन लावत होते, पण तो लागत नव्हता. आवाजी संभाषणासाठी प्रत्येक जोडीला जाळ्यात स्वतंत्र जागा द्यावी लागते. लाखो लोकांनी एकाच क्षणी ती मागितल्यामुळे काही कंपन्यांना ९० टक्क्यांपर्यंत कॉल अडवून धरावे लागले. ई-मेल मात्र पॅकेटांच्या रूपाने, उशिरा का होईना, पोहोचत होते. ‘मी सुखरूप आहे’ एवढे तीन-चार शब्द त्या दिवशी किती घरांत पुन्हा पुन्हा वाचले गेले असतील!

भूकंपाची पूर्वसूचना याहून वेगळ्या मार्गाने येते. भूकंपात प्रथम वेगवान पण सौम्य लहर निघते आणि विध्वंसक लहर तिच्या मागून येते. पहिली लहर टिपून जपानची हवामानसंस्था सूचना देते. सर्वसामान्य जनतेसाठी ही व्यवस्था ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाली. मनोऱ्यावरून ही सूचना परिसरातील सर्व फोनांना आकाशवाणीप्रमाणे एकदमच प्रक्षेपित होत असल्यामुळे गर्दीचा प्रश्न येत नाही. हाती काही सेकंद लागतात. तेवढ्यात मेजाखाली शिरता येते, चूल विझवता येते.

मात्र सूचना वाचता आली पाहिजे. १९९५ च्या कोबे भूकंपात जपानी न जाणणाऱ्या रहिवाशांचे हाल झाले, तेव्हापासून तेथील भाषातज्ज्ञांनी ‘यासाशी निहोंगो’ म्हणजे ‘सोपी जपानी’ घडवण्यास आरंभ केला. ‘स्थलांतर’ या अर्थाचा ‘हिनान’ हा शब्द नवख्याला कळत नाही. ‘निगेते’ म्हणजे ‘पळा’ हा शब्द कळतो. ‘ताकादाई’ म्हणजे ‘उंचवटा’, त्याऐवजी ‘ताकाई तोकोरो’, ‘उंच जागा’, असे म्हणतात. त्सुनामीच्या वेळी जपानी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आता मोठ्या, सोप्या अक्षरांत दोनच शब्द झळकतात: ‘त्सुनामी! निगेते!’