वाटाण्याचा कोंब आणि खाडीची भरती

चित्रपटाच्या जाहिरातीसाठी दोन-अडीच मिनिटांचा जो तुकडा दाखवतात, त्याला ट्रेलर म्हणतात. शब्दाचा अर्थ 'मागून येणारा'. अमेरिकेत सुरुवातीला तो मुख्य चित्रपटानंतर दाखवीत, म्हणून हे नाव पडले. ट्रेलर गोष्ट सांगत नाही. तो प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा करतो आणि उत्तर राखून ठेवतो. विज्ञानाच्या तासाला आपल्यालाही नेमके हेच हवे असते.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर एकेक चित्र टिपले. पडद्यावर बी रुजून वेल चढताना मिनिटभरात दिसला. निवडक लोकांना तो दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला. आजच्या अर्थाने हा ट्रेलर नव्हे, पण काम तेच केले, आणि तेही कोणतीही अतिशयोक्ती न करता! मूकपटाच्या काळातील सेकंदाला सुमारे 16 चित्रे धरली, तर एका मिनिटाला 960 चित्रे लागतात. 30 दिवसांत ती सारख्या अंतराने घ्यायची तर दर 45 मिनिटांना एक. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे.

ट्रॉम्बेच्या विद्यार्थ्यांना विषय शोधायला लांब जायला नको. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण 6 तास 12 मिनिटे, म्हणजे 372 मिनिटे लागतात. मोबाइल तिकाटण्यावर पक्का बसवून मिनिटाला एक छायाचित्र घेतले आणि सेकंदाला 25 या वेगाने दाखवले, तर 15 सेकंदांत खाडीचा चिखल पाण्याखाली जाताना दिसेल. (जवळच अणुसंशोधन केंद्र आहे. छायाचित्रण कोठे चालेल, हे आधी पोलिसांना विचारावे.)

खरी अडचण जोडकामात येते. 1920च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एका नटाचा निर्विकार चेहरा एकदा सूपच्या बशीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना एकदा विचारमग्नता दिसली, एकदा दुःख, असे पुडोव्हकिनने नोंदवले आहे. दोन दृश्ये लागोपाठ आली, की त्यांतला कार्यकारणसंबंध मन आपणच जुळवते.

आता समजा, विद्यार्थ्यांनी आधी माहुलकडच्या धुराड्यांतून निघणारा धूर दाखवला आणि लगेच खाडीवरून उडणारा रोहित पक्ष्यांचा थवा. निवेदनात एक शब्दही नसला, तरी पाहणारा म्हणणार, 'धुरामुळे पक्षी उडाले.' प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, पण या दोन दृश्यांनी तो सिद्ध होत नाही. कथापटाच्या ट्रेलरला ही चलाखी माफ असते. माहितीपटाच्या ट्रेलरला ती माफ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निष्कर्षाला पुरावा मागणाऱ्या विषयात तर मुळीच नाही.

त्याच थव्यापूर्वी भरतीची ती 15 सेकंदे जोडून पाहा. पाणी वाढले, चिखल झाकला गेला, चरायला जागा उरली नाही, पक्षी उठले. हा संबंध निरीक्षणाने तपासता येतो. थवा उठण्याची वेळ लिहावी, ती भरतीच्या कोष्टकाशी ताडावी आणि सात-आठ दिवस हेच करावे. दर दिवशी भरती सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. थवा उठण्याची वेळही तशीच सरकली, तर जोड टिकला. नाही सरकली, तर तो ट्रेलरमधून काढावा आणि दुसरे कारण शोधावे.

शेवटी पडद्यावर एकच प्रश्न लिहावा: 'हे पक्षी पाणी उतरेपर्यंत जातात कोठे?' चित्रण हिवाळ्यात उरकावे. पावसाळ्याच्या तोंडाशी बहुतेक रोहित निघून गेलेले असतात.