मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर : वेदना, विसावा आणि कामगार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यकारभारापासून वेदान्तापर्यंत नाना विषयांची चर्चा होते. मूळव्याधीवर बोलावयास उभा राहणारा वक्ता मात्र विरळाच. विषय जाहीर होताच मागच्या बाजूला थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली. तिचा मला राग नाही. मात्र ही खसखसच या दुखण्याचा अर्धा भाग आहे, हे मला आज सांगावयाचे आहे.

मी डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते गेटसभा आणि कामगार न्यायालयाच्या तारखा यांच्यामधल्या वेळात वाचले. या विषयाशी माझा संबंध दोन वाटांनी आला. एक वाट माझ्या स्वतःच्या शरीराची. तीन वर्षांपूर्वी माझी ही शस्त्रक्रिया झाली. दुसरी वाट गैरहजेरीच्या खुलासापत्रांची. कामगार तीन दिवस येत नाही, त्याला नोटीस मिळते, आणि तो खुलाशात लिहितो, ‘तब्येत बरी नव्हती.’ काय झाले होते म्हणून विचारले तर मान खाली घालतो. दार लावून पुन्हा विचारले म्हणजे हळूच सांगतो, ‘मोड आलाय, साहेब. रक्त जातंय.’ ज्याला हातात प्लास्टर आहे तो ते सर्वांना दाखवीत हिंडतो. याला मात्र दुखणे झाकावे लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण झाकलेले दुखणे पुढे फार महाग पडते.

दुखणे इतके का होते?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, कारण कारण कळले की निम्मी भीती जाते. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या निसर्गानेच ठेवलेल्या आहेत. त्या प्रत्येक निरोगी माणसाला असतात व दार नीट मिटण्यास मदत करतात. वर्षानुवर्षे कुंथून या गाद्या सुजल्या आणि खाली घसरल्या, की तिला आपण मूळव्याध म्हणतो. (येथे एक इशारा : रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे घरबसल्या ठरवू नये. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. एकदा डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे.)

गुदद्वाराच्या काठापासून सुमारे दोन सेंटीमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला टोचल्याचे वा कापल्याचे दुखणे फारसे कळत नाही. तिच्या खालचा भाग मात्र बोटाच्या टोकासारखा हळवा असतो. म्हणून लहान मूळव्याधीवर रेषेच्या वर रबराची कडी बसवतात, तेव्हा रोगी बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. पण मोड मोठे असले, बाहेर राहू लागले, म्हणजे ते कापून काढावे लागतात, आणि जखम त्या हळव्या भागात येते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन या शल्यविशारदांनी १९३७ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तीत जखम उघडीच ठेवून आतून भरू देतात. आजही ती सर्रास वापरली जाते. पुढे टाके घालून जखम मिटविण्याची पद्धत आली, स्टेपलरची आली, लेझरची आली. नव्या पद्धतींत दुखणे पुष्कळदा कमी असते, पण स्टेपलरनंतर मोड पुन्हा येण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. तेव्हा ‘आज शस्त्रक्रिया, उद्या कामावर’ अशी पाटी पाहून निर्णय करू नये. आपल्या दुखण्याच्या पायरीला कोणती पद्धत योग्य, हे विचारून घ्यावे. आपल्याकडे सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. म्हणजे प्रत्येक मोडाला एकच उपाय नसतो, ही जाण फार जुनी आहे.

आता दुखण्याचे दुसरे कारण. जखमेच्या भोवती एक स्नायूचे कडे असते. ते आपल्या हुकमात नसते. जखम दुखली की ते आवळते. आवळले की रक्तपुरवठा कमी होतो आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले की ते आणखी आवळते. या चक्रात भीती भर घालते. शौच म्हणजे मरण, असे वाटून रोगी जेवण तोडतो, पाणी कमी करतो, वेग आला तरी दाबून धरतो. चार दिवसांनी मळ दगडासारखा होतो आणि ज्याची भीती होती तेच घडते. शस्त्रक्रियेनंतरची सारी शुश्रूषा म्हणजे हे चक्र ठिकठिकाणी तोडणे होय.

चक्र कसे तोडावे?

पहिली गोष्ट, वेदनाशामक औषध घड्याळाप्रमाणे घ्यावे. आपल्या लोकांत एक समजूत आहे की सोसवेल तितके सोसावे आणि अगदी असह्य झाले म्हणजे गोळी घ्यावी. हा मर्दपणा येथे कामाचा नाही. भडकलेली आग विझवण्यापेक्षा ती भडकू न देणे सोपे. पहिले काही दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, दुखत नसले तरी, गोळी घ्यावी. रात्रीची चुकवू नये. मात्र सांगितल्यापेक्षा अधिक घेऊ नये. ज्याला पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार वा दमा आहे, त्याने ते आधीच सांगावे, कारण काही गोळ्या त्याला चालत नाहीत. ट्रामाडोलसारखी जालीम वेदनाशामके बद्धकोष्ठ करतात, म्हणून ती दिली असतील तर मळ मऊ राखण्याचे औषध जोडीला आहे ना, हे विचारावे. आवळलेले कडे सैल करणारी मलमेही असतात. ती सांगितली असतील तर टाळू नयेत.

दुसरी गोष्ट, मळ मऊ ठेवावा. जेवण तोडू नये. भाकरी, पालेभाजी, पपई, पेरू, ताक हे आपल्या घरचेच अन्न येथे औषध आहे. ईसबगोल घ्यावयाचा तर पेलाभर पाण्यातून घ्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. कोरडा ईसबगोल उलट अडकून बसतो. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दिवसाकाठी दोनएक लिटर पाणी पोटात जावे. जाळ ठेचा काही आठवडे बाजूला ठेवावा. सकाळी तंबाखूची चिमूट लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांना तंबाखूपेक्षा दोन पेले कोमट पाणी देऊन पाहावे.

तिसरी गोष्ट, पहिले शौच. ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. दुखते, थोडे रक्तही दिसते. हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. माझ्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरने आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते, ‘काका, उद्या दुखेल, रक्त दिसेल, आणि पाच मिनिटांत संपेल. गोळी घेऊन अर्ध्या तासाने जा.’ तसेच झाले. दुखले जबर, कपाळावर घाम आला. पण जे सांगितले होते त्यापलीकडे काही झाले नाही, आणि त्यामुळे धीर टिकला. वेग आला की लगेच जावे, कुंथू नये, वर्तमानपत्र वा मोबाईल घेऊन बसू नये. पाच मिनिटांत झाले नाही तर उठावे, पुन्हा जावे. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवावा. नंतर कागदाने घासू नये. पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे.

चौथी गोष्ट, कोमट पाण्यात बसणे. दिवसातून तीन-चार वेळा आणि प्रत्येक शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे बसावे. उबेने ते आवळलेले कडे सैल होते आणि जखमही स्वच्छ राहते. पाणी कोपराने पाहून घ्यावे. चटका बसता कामा नये. त्यात जंतुनाशक ओतण्याची गरज नाही, त्याने जखम चुरचुरते. आता एका खोलीत सहा माणसे आणि मजल्याला सामाईक संडास असेल तर हे जमावयाचे कसे? एक रुंद टब आणि आडवी बांधलेली चादर, एवढ्याने जमते. पण घरातल्यांना दुखणे ठाऊक असले तरच ती चादर बांधली जाते. लाज किती महाग पडते, हे येथे कळते. बसताना साधी मऊ उशी घ्यावी, कुशीवर निजावे, घरातल्या घरात थोडे चालावे.

दिवसांचा हिशेब

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. ही मुंगी कुठवर आली हे ओळखता आले पाहिजे. पहिल्या दिवशी कमरेतल्या भुलीचा असर उतरतो आणि लघवी अडू शकते. ती झाली नाही तर लगेच सांगावे. पहिला आठवडा सर्वांत कठीण. दुसऱ्या आठवड्यात दुखणे हळूहळू उतरते, पण एकदम नव्हे. एक दिवस बरा, एक दिवस वाईट, असे चालते. वाईट दिवस आला म्हणून खचू नये. सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास काहींना पुन्हा रक्तस्राव होतो, तेव्हा बरे वाटू लागले म्हणून गावाला निघू नये. उघडी जखम पुरती भरावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडा पिवळसर स्राव येतो, त्यासाठी कापसाची घडी ठेवावी.

ठिपके ठिपके रक्त पडले तर घाबरू नये. परंतु रक्ताची धार लागली, गाठी पडल्या, चक्कर आली, ताप चढला, लघवी बंद झाली, किंवा दुखणे उतरण्याऐवजी वाढतच चालले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

विसावा हा उपचारच आहे

आता माझ्या मूळ धंद्याकडे येतो. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. कार्यालयात बसणारा मनुष्य दोनएक आठवड्यांत परत जाऊ शकेल. पण पाठीवर पन्नास किलोचे पोते घेणारा हमाल, बारा तास इंजिनाच्या उष्णतेवर बसणारा चालक, पाळीभर यंत्रापुढे उभा राहणारा यंत्रमाग कामगार, यांचे काय? पोते उचलताना माणूस श्वास कोंडतो, आणि तो सारा दाब नेमका जखमेवर येतो. असा माणूस आठव्या दिवशी कामावर जातो तो शूर म्हणून नव्हे, तर रोज बुडतो म्हणून. मग जखम चिघळते, आणि ज्या मजुरीसाठी गेला ती दुपटीने जाते.

राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झाली. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी योजना चालू आहे. विमाधारक कामगाराला वर्गणीची अट पुरी असेल तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. दाखल्यावर मूळव्याध लिहिले जाईल, फोरमन हसेल, म्हणून दाखलाच न आणणारे कामगार मी पाहिले आहेत. त्यांना मी सांगतो, हसणारा हसून घरी जाईल. पगार तुमचा जाईल. कंत्राटी कामगारांपैकी अनेकांची वर्गणी मालक भरतच नाहीत. तेथे संघटनेने आधी वर्गणीचा प्रश्न धसास लावावा, आणि तो लागेपर्यंत आपसांत आजारनिधी उभा करावा.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हलके काम, वेग येताच यंत्र सोडून जाण्याची मुभा, प्यावयास पाणी आणि स्वच्छ संडास, या मागण्या मागणीपत्रात शेवटच्या पानावरही नसतात. स्त्री कामगारांची स्थिती तर आणखी बिकट. संडास नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यावयाचे नाही, ही सवय कितीजणींना लागली आहे! पाणी तोडले की मळ कडक होतो, आणि या दुखण्याची सुरुवात तेथून होते. म्हणजे कारखान्यातला संडास हा मूळव्याध टाळण्याचाही उपाय आहे आणि ती बरी करण्याचाही.

तात्पर्य, या वेदनेला कारण आहे, क्रम आहे आणि शेवटही आहे. ज्याला तो क्रम आधी सांगितला जातो तो ती निभावून नेतो. ज्याला कोणी सांगत नाही तो अंधारात एकटा कण्हतो. आपल्या घरात, खात्यात, शेजारी असा कोणी असेल तर त्याला उद्या हे सांगा. आणि तो दाखला घेऊन आला तर हसू नका. त्याचे काम पंधरा दिवस आपसांत वाटून घ्या.