प्रतीक्षालयातील वाचन

ग्रंथालयात वाचक पुस्तकाकडे जातो. वैद्याच्या किंवा वकिलाच्या प्रतीक्षालयात पुस्तक वाचकाकडे येते. हा भेद दिसावयास लहान असला, तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. ग्रंथालयात शिरणाऱ्या मनुष्याने आपणास वाचावयाचे आहे, एवढे तरी ठरविलेले असते. प्रतीक्षालयात बसलेल्याने तसे काहीच ठरविलेले नसते. कोणाच्या मांडीवरचे मूल तापाने फणफणलेले असते, तर कोणाच्या डोळ्यांपुढे वडिलार्जित जमिनीचा दावा उभा असतो. चित्त आपल्या पाळीकडे लागलेले असते आणि हात मात्र सहज समोरच्या मेजावरील कागदांकडे जातो. अशा वेळी हाती येणारे वाचन आपण निवडलेले नसते. दुसऱ्याने ते आपल्यासाठी मांडून ठेवलेले असते. तेथे काय मांडावे, काय मांडू नये, आणि याविषयी कायद्याचे म्हणणे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनास एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असलेले बरे, म्हणून आम्ही भोपाळचा कोलार रोड घेतो. शहराच्या दक्षिणेकडील हा रस्ता चुना भट्टी, सर्वधर्म या वस्त्यांच्या बाजूने जातो. भोपाळास पाणी पुरविणारे कोलार धरण शेजारच्या सीहोर जिल्ह्यात आहे. रस्त्याचे नावही तेच. पूर्वी स्वतंत्र नगरपालिका असलेला हा भाग आता भोपाळ महानगरपालिकेत समाविष्ट झाला आहे. वस्ती वाढली तसे दवाखाने, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा, दंतवैद्य, वकील व करसल्लागार यांची कार्यालयेही रस्त्याच्या दोहों बाजूंस उभी राहिली. आमचे काही आप्त त्या बाजूस राहतात. त्यांच्यासोबत तेथील निरनिराळ्या प्रतीक्षालयांत बसण्याचा योग आम्हांस आला आणि मेजावर जे जे दिसले त्याची मनाशी नोंद झाली. हिंदी दैनिके होती. एका ठिकाणी दोन वर्षांपूर्वीचा मराठी दिवाळी अंक होता. औषधांच्या गुळगुळीत पुस्तिका होत्या. निवडणुकीतील एका उमेदवाराचे पत्रक होते. एका देवस्थानाची माहिती होती. आणि अमुक एक चूर्ण घेतल्यास मधुमेह समूळ नाहीसा होतो, असे सांगणारा एक रंगीत कागदही होता. २०२० सालच्या कोविडच्या साथीत संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणची मासिके उचलली गेली, आणि आज तर प्रत्येकाच्या हाती दूरध्वनीचा पडदा आहे. तथापि मेज आणि भिंत अद्याप बोलतातच.

या सर्व कागदांत सर्वांत घातक कोणता, असे विचाराल तर आम्ही त्या चूर्णाच्या कागदाकडे बोट दाखवू. मधुमेहाच्या एका प्रकारात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिन प्रथम रुग्णास टोचले गेले. तत्पूर्वी या प्रकारचा रोगी फार काळ जगत नसे. आजही अशा रोग्याने इन्सुलिन सोडले, तर काही दिवसांतच रक्तात आम्लद्रव्ये साचून त्याच्या जिवावर बेतते. आता त्या बाकावर बसलेल्या वृद्ध बाईंची कल्पना करा. रोज सुई टोचून घेऊन त्या कंटाळलेल्या आहेत. तो कागद बाजारात कोणी त्यांच्या हाती दिला असता, तर त्यांनी तो कदाचित टाकूनही दिला असता. परंतु तो आहे डॉक्टरांच्या मेजावर. डॉक्टरांनी ठेवला म्हणजे त्यांस तो मान्य असणार, असेच त्या समजतात. वास्तविक तो कोणीतरी येऊन ठेवून गेलेला असतो, आणि डॉक्टरांनी तो पाहिलेलाही नसतो. पण न बोललेल्या डॉक्टरांची संमती तो कागद परस्पर वापरून घेतो. प्रतीक्षालयातील वाचनाचे खरे बळ यातच आहे: त्या खोलीच्या मालकावरील विश्वास तेथील कागदालाही चिकटतो.

ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात फार पूर्वीच आली होती. १९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा अधिनियम संमत केला. त्याच्या अनुसूचीत चोपन्न रोग व विकार दिलेले आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, पक्षाघात यांच्याबरोबर शरीराची उंची हाही विषय तीत आहे. हे विकार बरे करण्याची वा टाळण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात करणे हा अपराध आहे. जाहिरात म्हणजे केवळ वर्तमानपत्रातील चौकट नव्हे. सूचना, परिपत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच काय, प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साह्याने केलेली घोषणाही त्या व्याख्येत येते. ताईत, मंत्र, कवच यांच्या बळावर रोग हटविण्याचे आश्वासनही निषिद्ध आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद, अशी शिक्षेची तरतूद आहे. या अधिनियमास न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध औषधांची जाहिरात ही भाषणस्वातंत्र्याच्या संरक्षणात येत नाही असा निर्णय दिला; मात्र अधिनियमाचे काही भाग त्याने रद्दही केले. पुढे १९९५ साली त्याच न्यायालयाने व्यापारी जाहिरात ही अभिव्यक्तीचाच एक प्रकार होय, हे तत्त्व मान्य केले. परंतु फसव्या जाहिरातीस त्याने आश्रय दिला नाही.

याच अधिनियमात काही अपवाद आहेत, आणि ते आमच्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत. नोंदणीकृत वैद्याने आपल्या जागेत अमुक रोगावर येथे उपचार होतात अशी पाटी लावण्यास हरकत नाही. प्रामाणिक शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने लिहिलेल्या ग्रंथासही हा निषेध लागू नाही. आणि केवळ नोंदणीकृत वैद्यास गोपनीय रीतीने पाठविलेली औषधाची माहितीही क्षम्य आहे. मात्र ती केवळ वैद्य, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्याच उपयोगासाठी आहे, असे तिच्या शिरोभागी ठळक छापलेले असावे लागते. यावरून प्रतीक्षालयातील गुळगुळीत पुस्तिकांचे कोडे उलगडते. वैद्याच्या टेबलावरची जी माहिती रास्त असते, तीच दाराबाहेरच्या मेजावर गेली की वाचक बदलतो, आणि वाचक बदलला की तिचा अर्थही बदलतो. मात्रा, दुष्परिणाम, कोणास देऊ नये, हे सारे जाणणाऱ्यासाठी लिहिलेले वाक्य न जाणणाऱ्याच्या हाती निव्वळ प्रलोभन ठरते.

काही बाबतींत कायदा याहूनही स्पष्ट बोलतो. अर्भकांसाठीच्या दुधाच्या पर्यायांविषयी १९९२ साली झालेल्या अधिनियमाने अशा पदार्थांचा व दुधाच्या बाटल्यांचा प्रसार करणारी भित्तिपत्रके लावण्यासाठी किंवा तसले साहित्य वाटण्यासाठी आरोग्यसंस्थेचा उपयोग करण्यास मनाई केली. कारण उघड आहे. नुकतीच बाळंत झालेली स्त्री दवाखान्याच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचे चित्र व शेजारी डबा पाहते, तेव्हा आपले दूध अपुरे आहे की काय अशी शंका तिच्या मनात शिरते. याच्या उलट, काही मजकूर लावलाच पाहिजे असेही कायदा सांगतो. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा अधिनियम १९९४ सालचा आहे; महाराष्ट्राने असा कायदा त्यापूर्वीच, १९८८ साली केला होता. १९९४ च्या अधिनियमाखालील नियमांनुसार प्रत्येक केंद्रात गर्भाचे लिंग सांगणे निषिद्ध असल्याची पाटी इंग्रजीत व स्थानिक भाषेत ठळकपणे लावावी लागते, आणि कोणी मागितल्यास त्या अधिनियमाची प्रत वाचावयास द्यावी लागते. जिच्यावर घरच्यांचा दबाव आहे अशा एखाद्या सुनेस त्या पाटीचा केवढा आधार असेल, याचा विचार करावा.

वकिलांच्या दाराशी प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. तेथे औषध नसते, पण भय असते. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी वकिलास आपली जाहिरात करून पक्षकार मिळविण्यास मनाई केली आहे. म्हणून जिंकलेल्या खटल्यांची स्तुतिपर कात्रणे चौकटीत बसवून टांगणे त्या व्यवसायाच्या मर्यादेस शोभत नाही. भेदरलेल्या पक्षकाराच्या दृष्टीने तेही एक आश्वासनच असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग वादग्रस्त ते सर्व काढून टाकावे, म्हणजे झाले. आमचे मत तसे नाही. वादग्रस्त आणि अपायकारक हे दोन शब्द एका अर्थाचे नव्हेत, याची साक्ष आपला इतिहासच देतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे १९५३ साली निवर्तले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५२ साली, भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला होता, आणि पुढे त्याच विषयाची भित्तिपत्रके सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर झळकली. ज्या विषयावर लिहिल्याबद्दल एका पिढीने मनुष्यास न्यायालयात खेचले, तोच विषय पुढच्या पिढीने रुग्णाच्या डोळ्यांसमोर टांगला.

दुसरे उदाहरण दिवाळी अंकाचे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले. तिसरे उदाहरण भोपाळकरांच्या परिचयाचे. मराठी मातृभाषेचे हिंदी पत्रकार माधवराव सप्रे यांस ‘हिंदी केसरी’तील लिखाणाबद्दल १९०८ साली अटक झाली होती. आज त्यांच्याच नावाचे समाचारपत्र संग्रहालय भोपाळात जुनी नियतकालिके आस्थेने जतन करीत आहे. तेव्हा मजकुरावरून वाद झाला एवढ्यावरून तो मेजावरून उचलू लागलो, तर उद्याचे शहाणपणही केराच्या टोपलीत जाण्याचा संभव आहे.

मग नियम कोणता धरावा? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा कागद येथे ठेवल्याने लाभ कोणाचा, बसलेल्याचा की ठेवणाराचा? यातील विधान खोटे निघाले तर बसलेल्याची हानी किती, आणि ती भरून येण्याजोगी आहे काय? आणि त्यास नको असेल तर दृष्टी दुसरीकडे वळविण्याची मोकळीक आहे काय? कर्व्यांच्या मासिकासारखे लिखाण या कसोटीस उतरते, कारण ते ज्ञान देते आणि घडी घालून बाजूस ठेवता येते. चूर्णाचा कागद उतरत नाही. धर्माच्या वा राजकारणाच्या पत्रकाविषयी तिसरा प्रश्न महत्त्वाचा. आपले मत प्रकट करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने डॉक्टरासही दिला आहे. परंतु त्याच्या दारी सर्व धर्मांचे व सर्व पक्षांचे लोक दुखणे घेऊन येतात. भिंतभर लावलेली घोषणा वाचून एखाद्यास आपण येथे परके आहोत असे वाटले, आणि आपले दुखणे मोकळेपणे सांगावयास त्याची जीभ अडखळली, तर हानी उपचाराचीच होते. म्हणून असे साहित्य कायद्यात बसत असले, तरी सौजन्यात बसत नाही.

उपायही अवघड नाहीत. मेजावर काय आहे हे मालकाने आठवड्यातून एकदा स्वतः पाहावे. परके कागद उचलावेत. त्यांच्या जागी चार चांगली मासिके, मुलांसाठी गोष्टींची दोन पुस्तके आणि हिंदी व मराठीतून लिहिलेली आरोग्याची विश्वसनीय माहिती ठेवावी. वाचकाचेही काही कर्तव्य आहे. विशेषतः आपणां विद्यार्थ्यांचे; कारण पुष्कळ घरांत आजीआजोबांबरोबर दवाखान्यात आपणच जातो आणि तेथील कागद त्यांस वाचूनही आपणच दाखवितो. रोग समूळ घालविण्याची हमी देणारा कागद दिसला, तर त्याखाली औषध बनविणाराचे नाव व पत्ता आहे काय ते पाहावे, आणि आत गेल्यावर तो डॉक्टरांपुढे ठेवून ‘हे आपणांस मान्य आहे काय?’ असे नम्रपणे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने एखाद्या आजींचे इन्सुलिन सुटावयाचे वाचेल, आणि डॉक्टरांनाही आपल्या मेजाकडे एकदा पाहावेसे वाटेल.